उजव्या नडगीवरची जाळी

आई, तुझ्या उजव्या नडगीवरची तपकिरी जाळी मळाची नव्हती, शेगडीच्या धगीची होती, एवढेच मला येथे सिद्ध करायचे आहे. तू जाऊन चाळीस वर्षे झाली. हा कागद कोठे धाडायचा नाही, तरी युक्तिवाद पुरा करते.

पुरावा माझ्याच अंगावर सापडला. कंबरदुखीसाठी दोन हिवाळे मी डाव्या अंगाला गरम पाण्याची पिशवी लावून वाचत बसले. गेल्या आठवड्यात कर्वेनगरच्या डॉक्टरीणबाईंनी तेथले डाग पाहून विचारले, "आजी, शेक एकाच बाजूला घेता का?" मी होय म्हटले. "मग जाळीही तिथेच येणार. चटका बसला नाही तरी रोजची धग कातडीवर अशी उमटते. पिशवी बंद करा आता." इतका साधा प्रश्न. तर्कशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, आणि तो मी तुला कधी विचारला नव्हता.

नारायण पेठेतल्या खाणावळीचे स्वयंपाकघर मला अजून लख्ख दिसते. तू डावा पाय मुडपून, उजवा गुडघा उभा करून बसली आहेस. लुगड्याचा काठ नडगीच्या वर सरकला आहे. उजव्या हाताला कोळशाची शेगडी. पोळी तव्यावरून निखाऱ्यावर जाते, फुगते, आणि पंगतीतून कोणी विद्यार्थी म्हणतो, "मावशी, ती टम्म फुगलेली इकडे." तू मान वर न करता म्हणतेस, "फुगलेले तिकडे आधीच पुष्कळ बसलेत." सगळी पंगत हसते. भाजक्या गव्हाचा तो वास माझ्या वह्यांनाही यायचा. तेव्हा तो जावा म्हणून मी वह्या खिडकीत उघड्या ठेवी. आता तसा वास कोठे मिळत नाही.

कॉलेजात मी नुकतेच तर्कशास्त्र घेतले होते आणि त्या जाळीची मला लाज वाटे. एका दुपारी तुझ्यापुढे पाय घासायची वज्री ठेवून मी म्हटले, "धगीने झाले असते तर दोन्ही पायांवर झाले असते. एकावरच आहे, म्हणजे मळच."

तू पोळी उलटलीस. "दोन्ही पाय शेकत बसायला मी काय संस्थानची राणी आहे? ये, बस माझ्या जागी, शंभर पोळ्या लाट आणि मग सांग."

ते प्रयोगाचे निमंत्रण होते. मी तो उर्मटपणा समजले. संध्याकाळी तुझी नडगी घासून सोलवटली होती, जाळी होती तशीच.

सिद्धता येथे पुरी होते. मळाचा निष्कर्ष अज्ञानाचा होता. त्याला क्षमा असू शकते. त्याच आठवड्यात मला वादविवादाचे पहिले बक्षीस मिळणार होते आणि तू ठेवणीतले लुगडे बाहेर काढले होतेस. सभागृहात घरच्यांना घेत नाहीत, असे मी सांगितले. तू "बरं" म्हणून लुगडे घडी करून ठेवलेस. असा नियम नव्हता.

तुझी मुलगी