सतराव्या पानावरची चार अक्षरे

मी, मिर्ल, दिवंगत बेरल लेखनिक यांची मुलगी, वय वर्षे तेवीस, अविवाहित, राहणार जर्मनांनी आम्हा यहुद्यांभोवती घातलेल्या कुंपणाच्या आत, कातडेवाली गल्ली, घर क्रमांक चार, हातमोज्यांच्या कारखान्यातील कामगार, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून आणि विचार करून लिहिते. यापुढे 'कोणाच्याही दडपणाखाली नाही' असे लिहायची पद्धत आहे. मी ते लिहिणार नाही. उद्या सकाळी सात वाजता मला एक बोचके घेऊन जुन्या प्रार्थनाघराच्या अंगणात हजर व्हायचे आहे. यादीत माझे नाव आहे, आणि तिथून निघणाऱ्या गाड्या कुठे जातात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. दडपण आहे. कागदावर खोटे उतरवायचे नाही, असे बाबांनी शिकवले. मी ते एकदा मोडले, म्हणून हे मृत्युपत्र लांबणार आहे.

१. जर्मनांना मी काही देत नाही. घर, बाबांचे कपाट, आईचे शिवणयंत्र त्यांनी मृत्युपत्राची वाट न पाहता नेले. त्यांच्याविषयी इथे एवढेच. बाकीचे झेलिकच्या कवितांत आहे आणि ते पुरेसे आहे.

२. माझा कोट कारखान्यातली मैत्रीण बाशा लिपनिक हिला. डावी बाही आखूड आहे. तिने कुरकुर करू नये.

३. बाबांची हत्यारे: बदकाच्या पिसांच्या तीन लेखण्या, शाई ठेवायचे शिंग आणि खरवडायची सुरी. आमच्यात पवित्र ग्रंथाची गुंडाळी मुलीने लिहायची नसते. बाबांना मुलगा नव्हता. मी पाच वर्षांची असताना त्यांनी मला टेबलाशी बसवले आणि म्हणाले, "लिहू नकोस. माझ्या चुका पकड." मी पकडल्या. एक अक्षर चुकले तर सबंध गुंडाळी बाद होते; चुकलेले अक्षर सुरीने खरवडून पुन्हा लिहिता येते. फक्त देवाच्या नावाची चार अक्षरे खरवडता येत नाहीत. ती चुकीच्या जागी पडली तरी ते पान पुसायचे नाही, जाळायचे नाही. मडक्यात घालून कबरस्तानात माणसासारखे पुरायचे. हे नियम वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावेत. पुढचे सगळे त्यांच्यावर उभे आहे.

लेखण्या आणि शिंग वहीबरोबर पुरावे. सुरी कोणाला ते शेवटी.

४. वही. तिच्यात एक्केचाळीस कविता आहेत. त्या माझ्या नाहीत, झेलिक बुराक याच्या आहेत. तो कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावर बसून जर्मन अधिकाऱ्यांसाठी हातमोजे शिवायचा. देव मानत नव्हता, तोंडाने फाटका होता, माझ्या वाट्याचे सूत वापरायचा आणि कबूल करायचा नाही. कविता तो यंत्राच्या खडखडाटात तयार करायचा आणि सूप वाटायच्या सुट्टीत मला सांगायचा. मी लिहून घ्यायची. स्वतःच्या हाताने लिहीत का नाहीस, विचारले तर म्हणायचा, "लेखनिकबाई, माझं अक्षर पाहून जर्मनसुद्धा शरण येतील. तूच लिही."

पाचव्या पानावर हातमोज्यांची कविता आहे:

उजव्या तर्जनीला मी एक टाका सैल ठेवतो.
बंदुकीचा घोडा ओढणाऱ्या बोटा,
हिवाळ्याला तुझा पत्ता मी दिला आहे.

ही निव्वळ कल्पना नाही. तो खरोखर तो टाका सैल ठेवायचा. आम्ही अकरा बायका त्याचे पाहून ठेवू लागलो. कवितेने काय होते, असे कोणी विचारले तर हे सांगावे.

नववे पान:

स्वातंत्र्य म्हणजे
आतून लागणारी कडी.
तेवढीच. दार तुमच्याकडेच राहू द्या.

५. शुल्केस यांच्याविषयी. हे गृहस्थ जर्मनांनी आमच्याच लोकांतून नेमलेल्या, याद्या करणाऱ्या समितीत कार्यक्रमांचे अधिकारी आहेत. ऑक्टोबरात त्यांनी कवितावाचन ठरवले आणि माझी वही चाळायला घेतली.

"मिर्लबाई, अक्षर काय सुरेख आहे तुमचं! पण ही कडी-बिडी काय आहे? स्वातंत्र्य म्हटलं की लोकांना पक्षी लागतो. एखादा पक्षी घाला."

झेलिक तिथेच होता. म्हणाला, "शुल्केससाहेब, पक्ष्याला कडी लागत नाही. मला लागते. आम्ही वीस घरांत मिळून एक संडास वापरतो. तुमच्याकडे वेगळा असेल."

दुसऱ्या दिवशी शुल्केसनी मला एकटीला बोलावले आणि सतराव्या पानावर बोट ठेवले. तिथे असे होते:

दारावर खडूची खूण.
जर्मनाला आमची गल्ली सापडत नव्हती.
आमच्याच माणसाने बोट धरून त्याला आणले.

"शेवटची ओळ बदला," ते म्हणाले. "ही वाचली गेली तर यादी करणाऱ्यांच्या लक्षात राहील, एवढंच सांगतो. तुमच्या आईंची तब्येत कशी आहे? देवावर ढकला. तो हल्ली कशालाच रागावत नाही."

आई तेव्हा जिवंत होती, तापाने अंथरुणाला खिळलेली. आजाऱ्यांना यादीत आधी घेत. मी झेलिकला न विचारता 'आमच्याच माणसाने' हे शब्द खरवडले आणि तिथे देव लिहिला. आमच्या घरच्या बोलीत देवाला साधा शब्द आहे, तो चालला असता. पण खोटे लिहिताना हात ओळखीच्या वळणांकडे धावला. बाबांच्या गुंडाळ्यांतली चार अक्षरे मी एका हातमोजेवाल्याच्या कवितेत काढली. ती वहीतली सर्वांत सुबक अक्षरे आहेत.

वाचनाच्या दिवशी त्या ओळीला लोक रडले. शांतपणे, समाधानाने रडले. देवाने आणले म्हटल्यावर कोणालाच शेजाऱ्याकडे बघावे लागत नव्हते. झेलिक बाकावर उभा राहिला.

"देवाला कशाला गोवता? त्यानं नाही दाखवली माझी गल्ली! दाखवणाऱ्याच्या पायात बूट होते, दंडावर समितीची पट्टी होती, आणि आदल्या शनिवारी तो माझ्या बहिणीकडे जेवला होता!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाही कापली असतीस तर बोललो नसतो, लेखनिकबाई. जीभ कापलीस."

"उद्या दुरुस्त करते," मी म्हणाले.

"उद्या!" तो हसला.

अकरा दिवसांनी यादीत त्याचे नाव आले. एकामुळे दुसरे झाले असे मी लिहीत नाही, कारण मला ते माहीत नाही. दोन्ही गोष्टी घडल्या त्या क्रमाने लिहिते. डिसेंबरात आई तापानेच गेली. म्हणजे जिच्यासाठी मी ते केले ती यादीतून वाचली, पण वाचली नाही.

शुल्केस यांना मी त्यांचा पक्षी देते. तो सबंध वहीत कुठेही नाही. त्यांनी शोधत राहावे. उद्याच्या यादीत त्यांचेही नाव आहे असे कळते. त्याने माझा राग कमी होतो का, हे मी तपासून पाहिले. होत नाही.

६. माझे मामा नोते यांच्याविषयी. ते मृतांना अंघोळ घालून पुरणाऱ्या मंडळात आहेत आणि रोज प्रेतांच्या गाडीबरोबर कुंपणाबाहेरच्या कबरस्तानात जातात. आमच्या खोलीत नऊ माणसे आहेत. गेल्या आठवड्यात घरोघर झडती सुरू झाली तेव्हा मामांनी चुलीचे दार उघडले आणि वही मागितली.

"मामा, दुसरी प्रत नाही."

"पोरी, नऊ जीव आहेत खोलीत. त्या पाखंड्याच्या वहीपायी नऊ जीव? चूल तरी तापेल."

त्यांनी वही हिसकावली. आत सरकवणार तोच पाने उलगडली आणि त्यांना सतरावे दिसले. हात जागीच थांबला.

"हे नाव इथं कसं?"

"चुकून पडलं."

"चुकून! बेरलची मुलगी, आणि चुकून!" त्यांनी चुलीचे दार लाथेने लावले. "आता हे मी जाळू कसं?"

"एवढं पान फाडून घ्या."

"आणि बाकीची? सगळी एकाच दोऱ्यात; नावाला शिवलेलं पानही जाळायचं नसतं. तूच शिवलीस ना, बापासारखी?" बराच वेळ ते मला, झेलिकला आणि माझ्या वडिलांना शिव्या देत होते. मग त्यांनी हात धुतले आणि वही कफनाच्या कापडांखाली लपवली. ती कापडे सैनिक उचकटत नाहीत.

ज्या खोट्याने झेलिकची जीभ कापली त्याच खोट्याने त्याची वही वाचवली. हा देवाचा हात आहे, असे बाशा म्हणते. मला त्या बोलण्याचा संताप येतो. मग तोच हात आईसाठी, झेलिकसाठी का नव्हता? तो हात माझा होता आणि भित्रा होता.

७. वाचणाऱ्यांवर अटी. वही पुढे कोणाला सापडली तर ती त्याची होत नाही. मेणबत्त्या लावून या कविता वाचू नयेत. व्हायोलिन वाजवू नये. आम्हाला 'बिचारे' म्हणू नये. झेलिक मवाळ होता असे कोणी लिहील, तर ते खोटे आहे. पाचवे पान वाचून रडू आले, तर आधी आपल्या हातातल्या कामात कोणता टाका सैल ठेवता येईल ते पाहावे, मग रडावे.

८. आज दुपारी मी मामांना म्हणाले की वही अशी पुरता येणार नाही. लढाई संपल्यावर कोणी उकरील, सतरावे पान वाचील आणि म्हणेल, देवाने आणले. मग तो बूटवाला सुटेल, शुल्केस सुटतील, मी सुटेन.

"ते नाव खरवडायचं नसतं," मामा म्हणाले. "बेरलनं तुला तेवढंही शिकवलं नाही?"

"शिकवलं. आणि हेही शिकवलं की नवरा-बायकोत संशय आला, तर जुन्या काळी देव स्वतःचं नाव पाण्यात धुऊन टाकू द्यायचा. एका घरात सलोखा व्हावा म्हणून. तिथं चालतं, मग इथं का नाही? त्याच्या नावावर दुसऱ्याचा गुन्हा लिहिलाय, मामा. मी नाव पुसत नाही. खोटा आरोप काढते."

मी सुरी घेतली.

"थांब," ते म्हणाले. "एका हातानं भोक पाडशील. पान मी धरतो."

त्यांनी धरले. मी खरवडले. भुकटी मला फुंकू दिली नाही. शिवणाच्या एका अंगुस्तानात गोळा करून वर मेण लावले. ते अंगुस्तान, वही, लेखण्या, शिंग आणि हे मृत्युपत्र एकाच मडक्यात जाईल. मामा ते उद्या माझ्या आईच्या डोक्याशी पुरतील.

९. सुरी आमच्या अकरा जणींतल्या त्सिव्ये गेलमान हिला. तिला लिहिता येत नाही, पण एक्केचाळीसही कविता पाठ आहेत. कोणी चुकीचे म्हटले तर सुरी पुढे ठेवावी.

१०. सतराव्या पानाची शेवटची ओळ आता झेलिकने सांगितली तशी आहे: आमच्याच माणसाने बोट धरून त्याला आणले. दोनदा खरवडल्याने तिथे कागद पातळ झाला आहे, उजेडाकडे धरला तर दिसतो. तो तसाच राहू द्यावा. मागून दुसरा कागद चिकटवू नये.

वाचून पाहिले. खाडाखोड नाही.

मिर्ल, बेरल लेखनिक यांची मुलगी

साक्षीदार: बाशा लिपनिक (सही)
त्सिव्ये गेलमान (अंगठा)
आमच्या कायद्यात बायकांची साक्ष चालत नाही आणि नातेवाइकाचीही. बाकी कोणी उरलेले नाही. म्हणून मामांनी साक्षीदार म्हणून नव्हे, असे लिहून सही केली आहे:
नोते, पान धरणारा

झाब्रोवा, नेमन नदीकाठ, कुंपणाच्या आत
गुरुवार, आमच्या पंचांगाप्रमाणे ८ श्वात ५७०३, म्हणजे १४ जानेवारी १९४३, दुपारी, उजेड असताना