मास्तरांचं हो, मास्तरांचं नाही

११ जानेवारी, रविवार

मास्तरांना लकवा होऊन आज सात आठवडे. उजवी बाजू गेली ती गेलीच. नाकात नळी, नळीतून स. दूध, दु. डाळीचं पाणी. शब्द दोनच उरलेत, हो आणि नाही, आणि तेही एकमेकांच्या जागेवर जाऊन बसलेत.

आज पुन्हा तेच. "अहो, थंडी वाजते?" "नाही." आणि डाव्या हातानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "पंखा लावू?" "हो." लावला तर माझ्यावर डोळे वटारले. बंद केला.

बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं, मनात हो असतं आणि तोंडातून नाही निघतं. म्हटलं, मग उलट धरून चालते. तर म्हणाल्या, तसंही नाही, कधी कधी बरोबरही सांगतील. म्हणजे झाली का पंचाईत!

मास्तरांनी शाळेत विज्ञान शिकवलं आणि जन्मभर जोड्या गोळा केल्या. आम्ल-अल्कली, उष्ण-थंड, उत्तर-दक्षिण. त्याच माणसाच्या तोंडात ही साधी जोडी उलटी व्हावी. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग नळ बंद केला, आज पाणी यायचा दिवस नाही.

१४ जाने., संक्रांत

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई तिळगूळ घेऊन आल्या. सवयीनं मास्तरांपुढे वाटी धरली. "तिळगूळ घ्या, गोड..." आणि तिथंच थांबल्या. बिचारीचा चेहराच उतरला. मास्तर म्हणाले, "हो." मी म्हटलं, बघा, घेतला त्यांनी. वाटी मीच घेतली.

डॉ. कडे जायचं होतं. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रिक्षावाला यायलाच तयार नाही. उद्या.

१५ जाने.

डॉ. नी समोर बसवून सांगितलं. नाकातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही. दोन रस्ते. एक, पोटाला लहान छिद्र पाडून तिथून नळी. निवांत राहतील, महिने, कदाचित वर्षं. दुसरा, नळीच नको, चमच्यानं तोंडातून जाईल तेवढं. पण गिळणं बिघडलंय. घास श्वासनलिकेत उतरला की न्यूमोनिया.

"आणि मग?"

"मग फार दिवस नाही, मॅडम."

महिनाअखेर कळवा म्हणाले. आणि म्हणाले, "पेशंटची इच्छा विचारून घ्या. त्यांना सगळं कळतंय."

मला हसूच फुटलं. डॉ. ना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं.

१७ जाने., शनिवार

त्यांची जोड्यांची वही काढली. वाटलं, नळ्या-बिळ्यांविषयी कुठंतरी लिहून ठेवलं असेल.

हे खूळ लागलं ते एस.टी. स्टँडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर. चिनी ताओ विचारावरचं पातळसं इंग्रजी पुस्तक, पाठची पानं वाळवीनं खाल्लेली. ते वाचून दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, आत एक काळा मासा, एक पांढरा, काळ्याला पांढरा डोळा, पांढऱ्याला काळा. हेडमास्तरांनी विचारलं, ही कुठल्या कंपनीची जाहिरात? आठवडाभर हसत होतो आम्ही दोघं.

एकदा पोरांच्या हातून प्रयोगशाळेतलं चुंबक पडून दोन तुकडे झाले. दुसरा मास्तर असता तर बडवलं असतं. हे घरी नाचत आले. "अगं, दोन्ही तुकड्यांना दोन्ही टोकं! एकच टोक असलेला तुकडा पाडून दाखव मला." मी कुकर लावत होते. म्हटलं, मला आधी मीठ आणून दाखवा. विरुद्ध म्हणजे वैरी नव्हे, हे त्यांचं लाडकं वाक्य. मग तुमच्या आईला सांगा की, हे माझं.

वहीत एका पानावर 'श्वास-घास'. खाली: *गळ्यात दोन रस्ते, दार एकच. गिळताना श्वास थांबतो, श्वास घेताना गिळता येत नाही. एकानं दुसऱ्याला वाट दिली नाही तर माणूस जेवता जेवता मरेल. मुलांना करून दाखवणे: नाक दाबून पाणी पिणे.*

आणि शेवटून चौथ्या पानावर 'जीवन-मरण'. मी चष्मा पुसून घेतला. खाली एवढंच: *याचं नंतर.*

इतका राग आला! नंतर म्हणजे कधी, मास्तर?

२० जाने.

पुण्याहून अमोलचा व्हिडिओ कॉल. "बाबा, मला ओळखलं ना?" मास्तर टक लावून बघत होते, डोळ्यांत पाणी. आणि म्हणाले, "नाही."

पोरानं फोन ठेवला. दहा मिनिटांनी नुसता आवाजाचा लावला. त्याला समजावलं, अरे ते हो म्हणत होते. तो म्हणाला, "आई, त्यांच्या हो-नाहीला आता काय अर्थ आहे? पोटातली नळी घालून टाकू. विचारायचं काय त्यात?"

मी भांडले नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आहे. असू देत ना इथं पलंगावर. बोलले नाहीत तरी चालेल, दिसत तर राहतील.

पण बाकी सगळ्या बाबतीत त्यांच्यावर मीच निर्णय लादले. घराचा रंग, अमोलचं इंजिनिअरिंग, हा जुळे सोलापूर भागातला फ्लॅट. मास्तर दोन्ही बाजू बघत बसायचे, तोवर मी एक उचलून मोकळी. हे एक तरी त्यांना विचारून करावं असं वाटतं.

२२ जाने.

धीर करून विचारलं. "नळी नको ना?"

"हो."

हो, नको? की हो, हवी? की त्यांच्या मनात नाही होतं आणि तोंडात हो आलं? आणि तसं असलं तर 'नाही, नको' की 'नाही, नको असं नाही'? कागदावर मांडून बघितलं. चार खण झाले, दोनांत हवी, दोनांत नको. माझ्यासारख्या बाईनं प्रश्नच असा घालावा! टेलिफोनात नोकरी केली मी, नुसत्या हॅलोवरनं गिऱ्हाईक ओळखायचे. घरातला माणूस ओळखता येईना.

२४ जाने., शनिवार

नणंद आली, गौरक्का, अक्कलकोटाहून. सोबत खपली गव्हाची खीर, भावासाठी. त्यांना तोंडातून काही देत नाहीत हे फोनवर दोनदा सांगितलं होतं. डबा हातात धरून उभीच राहिली.

मग पलंगाशी बसली आणि भावाशी कन्नडमध्ये सुरू झाली. मी स्वयंपाकघरात. तिथून ऐकू आलं, "नोव आगतैतेन, अण्णा?" दुखतंय का, एवढं मलाही कळतं.

"हौद."

हातातला चमचा पडला माझ्या. हौद. हो. कन्नड हो. बाहेर आले तर मास्तर डाव्या हाताचं बोट नाकावर ठेवून. गौरक्कानं नाकाची चिकटपट्टी हळूच उचलली. खाली लालबुंद, कातडी सोललेली.

तीन दिवस मी विचारत होते, नाक दुखतं का. तीन दिवस ते नाही म्हणत होते. आणि नेमकं तेवढंच मी खरं धरलं होतं.

गौरक्का म्हणाली, "नीर बेकेन?" पाणी हवं का. "ब्याड." नको. मी नुकतेच ओठ ओले केले होते. बरोबर.

२५ जाने.

दिवसभर गौरक्काला बसवून विचारून घेतलं, ज्याची उत्तरं आम्हाला ठाऊक आहेत तेच. हे घर आपलं का? मी तुमची बहीण का? अमोल मुलगी का? एक चुकलं नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, होऊ शकतं, लहानपणीची भाषा कधी कधी शाबूत राहते.

लहानपणीची भाषा. आमच्या माहेरी, करकंबला, घरात कन्नड नव्हतं. लग्न होऊन आले तर सासूबाई नि गौरक्का माझ्यासमोर माझ्याचविषयी कन्नडमध्ये बोलायच्या. एकदा मास्तरांनी न राहवून सांगितलं काय म्हणाल्या ते. त्या दिवशी ठरवलं, या दोघींची भाषा मी शिकणार नाही. सासूबाई गेल्या तरी शिकले नाही. मास्तर म्हणायचे, "शीक की गं, आपल्या दोघांत एक भाषा जास्त होईल." मी म्हणायचे, आहे त्या एकीत तुमचं किती ऐकते बघा आधी.

आज गौरक्कालाच म्हटलं, मला शिकवा.

ती बघतच राहिली. "वैनी, तुमी? खरंच व्हय?"

२७ जाने.

बेकु, हवं. ब्याड, नको. बेकेन, हवं का. होट्टी, पोट. वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलंय. दोन वेळा म्हटलं तर गौरक्का पदर तोंडाला लावून हसली. "लई ग्वाड बोलताय हो, पण असं कन्नड मी आजवर कुटं ऐकलं न्हाय."

तिच्यासमोर मास्तरांना विचारलं, "च्या बेकेन?" चहा हवा का. मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. आधी कळेनाच कोण बोललं. मग तोंडाची डावी बाजू वर गेली. हसले! नऊ आठवड्यांत पहिल्यांदा, अर्ध्या तोंडानं. "बेकु."

चहात बोट बुडवून ओठांना लावलं. जीभ बाहेर आली.

गौरक्का म्हणाली, पैपचं मीच विचारते की आता, म्हणजे सुटलं. मी जवळजवळ ओरडलेच. नाही. मी विचारेन. तिला कळलं असावं मी का ओरडले. उद्या जाते म्हणते, ज्वारी काढायला आलीय.

२९ जाने.

गौरक्का काल गेली. विचारलं नाही.

दहा वेळा जवळ गेले. उशी सारखी केली, मूठ उघडून बोटांना तेल लावलं, नखं कापली. उजवी मूठ अशी गच्च मिटते की बोटं एकेक करून सोडवावी लागतात. यावरही त्यांच्या वहीत आहे. हात वाकवणारा स्नायू ओढतो तेव्हा सरळ करणाऱ्यानं सैल पडावं लागतं. दोघंही ओढत राहिले तर हात जागच्या जागी थरथरतो.

इतके दिवस विचारता येत नाही म्हणून जीव तुटत होता. आता येतंय तर जीभ उचलत नाही. उलटसुलट होतं तेच बरं होतं. त्यात मला हवं ते उत्तर निवडायला जागा होती.

३१ जाने., शनिवार

स. आंघोळ घातली, अंग पुसलं. ऊन पलंगावर आलं होतं. खुर्ची ओढून बसले, वही मांडीवर.

"होट्ट्याग पैप, बेकेन?" पोटात नळी हवी का.

डोळे मिटले त्यांनी. वाटलं, कळलं नाही. माझं कन्नड कुणाला कळणार. मग डोळे उघडून सावकाश म्हणाले, "ब्याड."

टेलिफोनात नंबर परत वाचून घ्यायची सवय. उलटा विचारला. "ब्याडेन?" नको का. "हौद." अर्ध्या तासानं पुन्हा. "बेकेन?" "ब्याड." जरा चिडूनच, वर्गात तेच तेच विचारणाऱ्या पोरावर चिडायचे तसे. मग चहाचा कप दाखवला. "इद?" हे? "बेकु. बेकु."

म्हणजे सगळं स्वच्छ कळलंय त्यांना. चमच्यानं चहा हवाय, नळी नकोय.

माझा बांध फुटला. मी मराठीतच म्हणाले, "मग जाल हो तुम्ही. मला सोडून जायचंय का तुम्हाला?"

"नाही," मास्तर म्हणाले. मराठीत.

हे कन्नडमध्ये कसं विचारायचं ते मला येत नव्हतं. गौरक्काला फोन लावायला उठले आणि परत बसले. नणंदेला काय सांगू, कसलं वाक्य हवंय म्हणून?

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड होता. बराच वेळ ठेवला.

मला कुणी विचारलं नाही, मला काय हवंय. मला हा माणूस हवाय. नळीसकट, मुक्यानं, अर्ध्या तोंडाचा, कसाही. मला बेकु. पण प्रश्न मला नव्हता.

१ फेब्रुवारी, रविवार

डॉ. च्या दवाखान्यातून दोनदा फोन. उद्या सकाळी कळवते म्हटलं.

दु. अमोलचा फोन. रात्रीच्या गाडीनं निघतोय, सकाळी येईल, सोबतच दवाखान्यात जाऊ. मास्तर जागे होते, माझ्याकडेच बघत होते. अमोल म्हणाला, "गौरात्या म्हणत होती, कन्नडमध्ये बरोबर सांगतात. मग विचारलंस का तू बाबांना? काय म्हणाले?"

म्हटलं, अजून विचारलं नाही.