मशीनगनच्या डाव्या बाजूचा माणूस

बाबा, त्या रविवारी सकाळी तुम्ही अकोल्याला आलात तेव्हा मी तुम्हाला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि तुम्हाला खोटं बोलू दिलं. तुम्ही पातूरकडून पहिल्या गाडीनं आला होता. पिशवीत तुरीच्या शेंगा होत्या. माझ्या खोलीला कुलूप दिसलं म्हणून शेजारणीला विचारून तुम्ही इंटरनेट कॅफेपर्यंत चालत आलात, दुखऱ्या गुडघ्यानं. मी दाराकडे पाठ करून बसलो होतो, कानांवर हेडफोन होते. तुम्ही किती वेळ मागं उभे होता, कुणाचं काय काय ऐकलंत, हे मला अजून माहीत नाही.

आम्ही तिथं काय करायचो हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. लोक त्याला खेळ म्हणतात, पण त्यात खेळण्यापेक्षा चालणंच जास्त. दहा जणांची एक तुकडी. चार जण अकोल्याच्या त्या कॅफेत, बाकीचे पुण्या-बंगलोरकडून इंटरनेटवर. प्रत्येकाला एक काम नेमून दिलेलं. एक जण पुढारी, एक त्याच्या मागचा, जो सगळ्यांची मोजदाद ठेवतो. एक मशीनगनवाला, एक जखमींना पाहणारा, एक वायरलेसवाला. पडद्यावरच्या डोंगरातून अर्धा तास नुसतं चालायचं, आणि एक गोळी लागली की संपलं; मग पुढचा तासभर बाकीच्यांचं बोलणं गप्प ऐकत बसायचं. तुम्ही हसला असता. फौजेत हे सगळं पगार घेऊन केलं, असं म्हणाला असता.

मी त्या तुकडीचा पुढारी होतो. तो कसा झालो ते सांगतो. सुरुवातीला पुण्याकडचे लोक विचारायचे, तू कुठला? मी आपला जिल्हा सांगितला की पलीकडून कुणीतरी हळू आवाजात विचारायचं, घरचे बरे आहेत ना? त्या वर्षांत टीव्हीवर आपल्या भागाचं नाव एकाच कारणासाठी यायचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. ती कीव मला सहन होईना. एकदा कुणीतरी असंच विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, मी फौजेत होतो, गुडघा गेला म्हणून परत आलो. तुमची नोकरी घेतली, बाबा, आणि तुमचा गुडघाही घेतला. त्या दिवसापासून मला कुणी काही विचारलं नाही. कॅफेचा मालक, जो आमचा मशीनगनवाला होता, तो मला उस्ताद म्हणायला लागला.

उस्तादाला जे येत होतं ते सगळं तुमचं होतं. मी चौथीत होतो. चुलीपुढं बसून तुम्ही दहा कांदे मांडले होते. सारवलेल्या जमिनीवर बोटानं नाला काढला होता. "हा म्होरक्या. हा गनवाला. अन् याच्या डाव्या बाजूले हा लहानसा कांदा, हा मी. नंबर दोन." मी विचारलं, तुम्ही गोळ्या नाही झाडत? तुम्ही म्हणालात, "मी गोळ्यांच्या पेट्या वाहतो, तापलेली नळी बदलतो, अन् गोळी कुठी पडली ते त्याले सांगतो. तो तं आंधळा असते रे. त्याचे डोळे म्हंजे मी." आईनं भाकरी थापता थापता हात लांब केला आणि तोच कांदा उचलला. "तुमचा नंबर दोन आता फोडणीत चालला," ती म्हणाली. तुम्ही खूप हसलात. मला मात्र वाईट वाटलं होतं. शाळेत मी सांगून ठेवलं होतं की माझे बाबा मशीनगन चालवायचे.

तर त्या सकाळी. कॅफेचा मालक पडद्यावर एकटाच गन घेऊन टेकडीवर पळत गेला आणि मेला. त्यानं टेबलावर हात आपटला. मागून तुमचा आवाज आला, "गनवाला एकटा काहून सोडला? त्याच्यासंग दुसरा कुठी हाय?"

सगळे वळले. मी हेडफोन काढला, म्हणालो, हे माझे वडील. मालक उठून उभा राहिला, तुमच्या हाती चहाचा ग्लास दिला. "बैठो चाचा. तुमाले तं सब मालूम हाय. तुमी बी फौज में थे क्या, उस्तादसारखे?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून एक वायर नीट करायला लागलो. वायर नीटच होती. वर कॅफेच्या इन्व्हर्टरची शिटी वाजत होती. मग तुम्ही म्हणालात, "नाही भाऊ. आमी कास्तकार मानसं. पोरगं घरी सांगते, ते आयकून आयकून बोलतो."

"वा उस्ताद," मालक म्हणाला, "अब्बा को भी सिखा दिया." सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुमचा ग्लास संपला तरी मी टेबलाखालीच होतो.

स्टँडवर सोडायला आलो तेव्हा वाटलं, आता बोलाल. तुम्ही शेंगांची पिशवी माझ्या हाती दिली, उकडून खा म्हणालात. गाडीत चढताना एवढंच म्हणालात, "त्या पोराले नंबर दोन दे. एकटा मरते तो." मी पुढच्याच रविवारी दिला. गनवाल्यानं त्याच्या जोडीदाराशिवाय वीस पावलंही जायचं नाही, असा नियम केला. आमची तुकडी त्या नियमासाठी नावाजली गेली. पुढं मी सगळ्या कामांवर एक पुस्तिका लिहिली. कुणी कुठं चालायचं, कुणी कुणाकडे पाहायचं, मागच्यानं माणसं कशी मोजायची. पहिल्या पानावर मालकानं मोठ्या हौसेनं लिहिलं, एका माजी सैनिकाच्या अनुभवावरून. मी ते वाचलं आणि राहू दिलं.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तेरवीला तो मालक अकोल्याहून आला, हातात केळीचा घड घेऊन. त्याचा फोन आला तेव्हा आई तुमचा वर्दीतला फोटो पुसत होती. मी गाडी काढली, फाट्यावरच त्याला गाठलं, टपरीवर चहा पाजला, घरी फार गर्दी आहे म्हणालो आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. तो रडत होता. मला म्हणाला, चाचा फार सीधा आदमी होता. केळी मी घरी आणली नाहीत, टपरीवरच्या पोरांना वाटून टाकली.

आता मी अमरावतीला असतो, दुरुस्तीचं दुकान आहे. तुकडी अजून आहे. रविवारी जमतो, प्रत्येक जण आपापल्या घरून. रोज सकाळी देवापुढं दिवा लावताना तुमचं नाव घेतो आणि तिथंच अडकतो. देवाला काय सांगायचं ते ठाऊक आहे, पण तुम्हाला काय सांगायचं ते सुचत नाही. मागच्या महिन्यात दुसऱ्या राज्यातल्या एका तुकडीनं पुस्तिका मागितली, त्यांच्या भाषेत करायला. म्हणजे ते पहिलं पानही आणखी एका भाषेत जाणार. मी टाळत राहिलो.

या रविवारी मिशन सुरू होण्याआधी मी सगळ्यांना सांगितलं. मी फौजेत कधीच नव्हतो. माझे वडील होते, मशीनगनवर नंबर दोन. पुस्तिकेतलं जे आहे ते त्यांचं आहे. पहिलं पान मी बदललं आहे आणि आजपासून मी पुढारी नाही.

मग मालकाचा आवाज आला. "म्हंजे चाचा माह्यासमोर झूट बोलला? तुह्यासाठी?"

"हो."

"अन् तेरवीले मले फाट्यावरून वापस पाठवलं, ते काहून?"

"घरात वर्दीतला फोटो होता."

"मी केळं घेऊन आलतो रे," तो म्हणाला. उस्ताद म्हणाला नाही. मग तो लाइनवरून निघून गेला. आज बुधवार, त्यानं अजून फोन उचललेला नाही. उचलेल असं वाटत नाही, आणि न उचलण्याचा त्याला हक्क आहे. उद्या मी अकोल्याच्या गाडीनं त्याच्या दारात जाऊन येणार आहे. त्यानं आत घेतलं नाही तर परत येईन.

हे पत्र कुठं टाकायचं, बाबा? ते माझ्यापाशीच राहील. पण एक गोष्ट मालकालाही सांगितली नाही, ती इथं कबूल करतो. या खेळात आपला आवाज पलीकडे जायला एक बटण दाबून धरावं लागतं. या रविवारी मी पहिल्यांदा हे सगळं बोललो तेव्हा बटण दाबलं नव्हतं. चुकून नाही, मुद्दाम. कुणालाच काही ऐकू गेलं नाही, आणि थोडा वेळ मी तसाच बसून राहिलो, सांगून झालं असं स्वतःला समजावत. मग बटण दाबलं आणि पहिल्यापासून बोललो.