समितीसाठी मुरूम

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

दिल्लीहून खासदार येणार — आमच्या गावचा चिखल बघायला! मी माझ्या बायकोला, जयाला, डायलिसिसला नेत होतो, तेव्हा निकेशने रिक्षाला हात केला आणि बातमी सांगितली. निकेश म्हणजे आमचा सरपंच, माझ्या मुलाच्या वयाचा.

गावालगतच्या लष्करी डेपोला नवी गोदामं बांधायची आहेत. भोवती भिंत. ती भिंत आमच्या पांदणीवरून, म्हणजे शेतांमधल्या जुन्या गाडीवाटेवरून जाणार. पांदणीने हमरस्ता कसा, हाकेवर. ती बंद झाली की नाल्याकडच्या काळ्या मातीतून लांबचा वळसा, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याला बैलसुद्धा नको म्हणतो. जयाला आठवड्यातून दोनदा सेवाग्रामला न्यावं लागतं. एक खेप चुकली की पाय सुजतात, श्वास लागतो. तिच्यासमोर मी हसत असतो. मला भीती वाटते, ती इथे लिहितो.

बांधकामाला मंजुरी देण्याआधी संसदेची समिती जागेवर जाऊन बघते म्हणे, लोकांचं ऐकते. गावाने पाठवलेलं आमचं निवेदन त्यांनी वाचलं. एवढ्या मोठ्या देशात कोणीतरी ते वाचलं, याचंच मला दिवसभर अप्रूप वाटत होतं. डेपोचं वाईट मी कधी चिंतणार नाही, माझ्या किराणा दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच आहेत. खुशाल बांधा गोदामं. आम्हाला वाट तेवढी द्या.

५ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी ग्रामसभा. ठरलं — समितीला नाल्याकडूनच आणायचं. गाडी फसली तर फसू दे, म्हणजे कळेल. मी उभा राहून बजावलं, त्या रस्त्यावर कोणी एक खडासुद्धा टाकायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तानबानेही. तानबा माझा शेजारी, शाळेपासूनचा दोस्त. मान डोलावताना खाली बघत होता, का कोण जाणे.

९ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस. पांदणीने वेळेत पोचलो. नर्सताईने आज जयाला पहिल्याच प्रयत्नात सुई लावली. देव तिचं भलं करो.

११ सप्टेंबर, गुरुवार

समिती परवा. नाल्याकडे जाऊन आलो. एक चप्पल तिथेच राहिली. रस्ता इतका खराब झालाय की बघून समाधान वाटतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी नाल्याकडे गेलो आणि बघतो तर काय, मुरूम! या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक मुरूम, वर पाणी मारून दाबलेला. काल मी जयाला घेऊन सेवाग्रामला होतो. आलो-गेलो पांदणीने, म्हणून दिसलं नाही. दुपारभर ट्रॅक्टर चालत होते. मला सोडून सारा गाव राबला आणि पुढाकार तानबाचा.

त्याला गाठला. म्हटलं, हे काय केलंस?

"पाव्हणे हायेत ना ते, हेमराज. बायामाणसं हायेत त्याईच्यात. चिखलात उतरवतं का त्याईले?"

"अरे, तेच तर दाखवायचं होतं!"

"दाखवाले गाडी कायले फसवा लागते? तोंडानं सांगू."

वर त्याची बायको कौशल्याबाई रस्त्याच्या तोंडाशी रांगोळी काढत होती. पाहुणा येणार म्हटलं की आमच्या लोकांच्या अंगात येतं. घरात नसलं तरी शेजारून आणून वाढतील. आपलं गाऱ्हाणं बुजवून त्यावर रांगोळी काढणारं गाव दुसरं नसेल.

गाड्या आल्या त्या लोण्यावरून सुरी फिरावी तशा. सोबतचे डेपोचे साहेब म्हणाले, पर्यायी रस्ता उत्तम आहे. एक खासदार मान हलवून काहीतरी टिपून घ्यायला लागले. तोंडाने सांगायला निघालेला तानबा मागे हात बांधून उभा, आणि मी हातातल्या निवेदनाच्या घड्या घालतोय.

बोलली जया. पदर सावरून सरळ समितीच्या अध्यक्षबाईंसमोर गेली. "बाई, हा रस्ता कालचा हाये. तुमच्यासाठी केला. मी आजारी हावो, तं माह्यासाठी कोणी मुरूम नाई टाकत. दोन पाण्यात हा वाहून जाईन, मंग मी दवाखान्यात कशी जाऊ?"

निकेशने हिंदीत सांगितलं. अध्यक्षबाईंनी गाडीतली छत्री मागवली आणि तिचं टोक मुरमात दाबलं. मुठीपर्यंत आत! बाहेर काढली तर चिखलाने काळी कुळकुळीत. बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. गाड्या सोडून पांदणीपर्यंत चालत गेल्या. तानबा आपली मोडकी हिंदी घेऊन त्यांच्या बरोबरीने. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. जयाचेही. लग्नाला एवढी वर्षं झाली आणि माझी बायको खासदारांना असं सुनावू शकते हे मला काल कळलं. तानबाशी बोलणं बंद. आयुष्यात पहिल्यांदा.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

कौशल्याबाईने अनारसे पाठवले. राग अनारशांवर नाही, म्हणून खाल्ले. जयाने त्याच ताटात आमच्या शंकरपाळ्या भरून परत केल्या. तानबा ओट्यावर बसला होता. "दुकान बंद ठेवलं काय आज?" त्याने विचारलं. मी कुलूप ओढून बघत राहिलो.

जया म्हणाली, "तुमी काऊन असे करून राह्यले? लहान हा काय आता?"

१८ डिसेंबर, गुरुवार

समितीचा अहवाल आला! निकेश दुकानात येऊन मोबाइलवरून वाचत होता. गोदामं मंजूर करावीत, पण भिंतीची पहिली वीट बसण्याआधी गावाला तेवढाच जवळचा पक्का रस्ता द्यावा. रुग्णांच्या जाण्यायेण्याचा त्यात वेगळा उल्लेख आहे. ते वाक्य त्याला दोनदा वाचायला लावलं. जया आतून ऐकत होती, डोळ्यांना पदर लावून.

पुढे आहे — रस्त्यासाठी जमीन उपलब्ध असल्याचं पाहणीच्या वेळी समितीला सांगण्यात आलं. कोणाची जमीन? निकेश म्हणाला, असेल सरकारची. असेल. सरकारचे आभार, बाईंचे आभार, ज्याने टाइप केलं त्याचेही आभार. गिऱ्हाइकांना पेढे वाटले. तानबाच्या घरी जयाने नेऊन दिले.

१९ जानेवारी २०२६, सोमवार

मोजणीवाले आले. जमीन सरकारची नाही. पांदणीला लागून तानबाचं वावर आहे, रस्ता त्यातून जाणार, मधोमध. उभी तूर होती, ती त्याने आधीच कापून ठेवलेली. जमीन मी देतो, असं बाईंना त्याने पाहणीच्या दिवशीच चालता चालता सांगून टाकलं होतं, घरीसुद्धा न विचारता. फितीचं एक टोक धरून तो वावराच्या बांधावर उभा होता. मला बघून म्हणाला, "मुरूम म्या टाकला ना. मंग रस्ताबी माह्याच वावरातून जाऊ दे. वयनीले उशीर नाई झाला पायजे."

त्याच्या हातातलं टोक घेतलं आणि धरून उभा राहिलो.