अष्टमीचं पान

रविवार, २१ सप्टेंबर २००८

लग्न ठरलं तेव्हा शिरीष म्हणाला होता, इटलीच्या समुद्रकिनारी नेईन. अखेर नेलं, पण इटालियन माणसाच्या घरी, तेही इथेच ऑस्ट्रेलियात, आमच्या डँडेनॉन्गपासून तीन तासांवर. शिरीषच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्याचं हे सुट्टीचं घर. भिंतीवर त्याच्या गावच्या किनाऱ्याचे फोटो आहेत. ते दाखवून शिरीष म्हणतो, घडवली की नाही इटली! दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून मीही हसले.

घर मात्र झकास आहे. लाकडी डेक, खाली वाळू, पुढे समुद्र. चिन्मयी सहा वर्षांची, तिला शाळेची सुट्टी लागलीय. कार्टी दिवसभर शिंपले वेचत होती. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे इथेही चालूच. इथले कावळे तान्ह्या पोरासारखे रडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकून बाहेर धावले, तर छपरावर ते काळं ध्यान बसलेलं. चिन्मयी पोट धरधरून हसली.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज अष्टमी, मामंजींची तिथी. आपण सुट्टीवर असलो तरी पितर सुट्टीवर नसतात. भरड्याचे वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत केलं आणि पान डेकवर ठेवलं. कावळा शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही. आणि काल दिवसभर रडणारे कावळे आज एकजात गायब! दुपार कलली. चिन्मयी रडकुंडीला आली. शिरीष म्हणाला, बाबांना व्हिसा मिळाला नसेल. माझं डोकंच फिरलं. डेकवर गेले आणि मोठ्याने म्हणाले, मामंजी येत नसतील तर जो कोणी भुकेला असेल त्याने यावं, पोटभर जेवावं, हे आपलंच घर समजावं.

आत जाऊन पाणी पिऊन आले तर पान चाटूनपुसून लख्ख. शेजारी ओली वाळू पडलेली. शिरीषच्या मते सीगल. असेना का! आम्ही वड्यांवर तुटून पडलो.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सकाळी चिन्मयीने अर्धी पोळी डेकवर नेऊन ठेवली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, दादा इज स्टिल हंग्री. हा दादा म्हणे इंडियातून युनीत शिकायला आला, आणि त्याचे कपडे कायम ओले असतात. शिरीष म्हणाला, एकुलती एक पोरं असे मित्र बनवतातच.

बनवत असतील. पण आज जेवताना मी चौथ्या खुर्चीवर बसले आणि पंजाबी ड्रेस मागून भिजला. गादीला खारा वास येत होता.

बुधवार, २४ सप्टेंबर

दूध आणायला गेले होते. मी इंडियन दिसले म्हणून दुकानातल्या बाईने आपणहून सांगितलं. उन्हाळ्यात मेलबर्नहून तुमच्याकडचे काही स्टुडंट आले होते, त्यातल्या एकाला लाटेने ओढून नेलं. पोहता येत नव्हतं बिचाऱ्याला. अजून सापडलेला नाही.

सापडला नाही म्हणजे दहावं नाही, पिंड नाही, काही नाही. डँडेनॉन्गला फॉस्टर स्ट्रीटवरच्या इंडियन दुकानांत भेटतात ना ही पोरं, एकेका घरात आठ-आठ, दिवसा कॉलेज आणि रात्री फॅक्टरी. कुणाच्या तरी पोटचा गोळा. फार वाईट वाटलं. परत येताना वाटेत आठवलं, परवा मी काय बोलले ते. नाव न घेता बोलावलं. आपलं घर समज म्हणाले.

गुरुवार, २५ सप्टेंबर

चिन्मयी जेवत नाही. दादाला दिलं म्हणते. पाण्यात गेलेली नाही, तरी केस ओले. विंचरते तेवढी वाळू निघते, परत विंचरते, परत — दादाला घरी राहायचंय म्हणते. आपल्या घरी. तिची जागा मागितली त्याने. तिने हो म्हटलं, शेअर करायचं असतं ना —

शिरीष सामान भरतोय. आज एकही विनोद नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

डँडेनॉन्ग. वाटलं, सुटलो. चिन्मयी नुसती झोपते. गाडीची मागची सीट अजून ओली आहे, तिच्या शेजारची.

पुण्याला आईला फोन केला. ती म्हणाली, सर्वपित्रीला पान वाढ, हात जोड, आता जा म्हणून सांग. जातात म्हणे.

सोमवार, २९ सप्टेंबर

पान मागच्या अंगणात ठेवलं. म्हटलं, बाळा, जेव आणि जा. माझ्या लेकीला सोड —

चिन्मयी आली. पानासमोर मांडी घालून बसली. दोन्ही हातांनी — सगळं संपवलं. मग माझ्याकडे बघून हसली. स्वच्छ मराठीत म्हणाली, काकू, अजून वाढा ना.

काकू म्हणाली मला.

शिरीष तिला हाका मारतोय, चिन्मयी, चिन्मयी. ती ओ देत नाही. जेवणारी ओ देत नाही —

बाहेर कावळा रडतोय. छपरावर नाही. तारेवर नाही. कावळा नाहीये तो. मम्मा म्हणतंय. मम्मा, आय अॅम हंग्री —

भात आहे अजून. खीर आहे. वाढते, चिनू, आई वाढते. या वेळी नाव घेऊन —