मागचं पान वाचून सोडलेलं घर

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर मुलापेक्षा बरं. त्याने माझी खोली ऑफिसकामाला घेतली. म्हणाला, आई, थोडेच दिवस. मी मोठ्या मनाने दिली. (टेबल आत गेल्यावर मला विचारलं, ते सोडा.) तोवर मी हॉलमधल्या दिवाणावर. इथून सगळ्या घरावर नजर राहते. एका अर्थी बढतीच.

७ मार्च
पाहुणे आले ते हलेचनात. बसले कुठे, तर माझ्या अंथरुणावर. एक दणकट बाई थेट उशीवर. आडवं व्हायचं तर तिच्या मांडीवरच डोकं ठेवावं लागलं असतं. सून म्हणाली, आईंना माणसं फार आवडतात. आवडतात. उभी.

१२ मार्च, दुपारी
सून वाचनालयातून कादंबऱ्या आणते. मी आख्खं पुस्तक वाचत बसत नाही, कव्हरचं मागचं पान वाचलं की कळतं. सगळ्यांच्या मागे तेच: नाती, उलथापालथ आणि स्वतःची जागा शोधायला निघालेली बाई. म्हणजे बाई घर सोडते, घरच्यांचे डोळे उघडतात, तिला मानाने परत आणतात. शेवटचं तिथे लिहिलेलं नाही, मी ओळखलं.
मीही निघणार. धाकट्या बहिणीकडे. तिला स्वतंत्र खोली आहे, खिडकीसकट. फोनवर ऐकवत असते. मीही माझ्या खोलीचं ऐकवते. ती गेली, हे सांगितलेलं नाही. धाकटी हळवी, उगाच रडेल.

१५ मार्च
उद्या निघायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

१६ मार्च
गुडघा सुजला. पुस्तकातल्या बायकांना गुडघे नसतात.

१९ मार्च
माझं कपाट अजून खोलीतच. कपडे घ्यायला गेले, तर मुलाने कम्प्युटरवरची नजर न काढता हात हलवला, माशी हाकलतात तसा. मीटिंग! जेवायला बाहेर आला तेव्हा स्पष्ट सांगितलं, मी हे घर सोडून चालले. म्हणाला, जा की आई, तेवढेच पाय मोकळे होतील. आतून पार हादरला होता. दुसरी पोळी मागितली ती केवळ चेहरा लपवायला.

२१ मार्च, सकाळी
पिशवी भरून मुद्दाम दारात ठेवली. सून अडखळली आणि तिने ती पायानेच बाजूला केली. म्हटलं, मी परत येईन असं धरून चालू नकोस. म्हणाली, बरं आई, जाताना तेवढा कचरा खाली न्याल? वरवरचं अवसान सगळं. माझी पाठ वळली की ढसाढसा रडणार. बघायला थांबावंसं वाटलं, पण टॅक्सी उभी होती. कचरा नेला.

तोच दिवस, संध्याकाळ
धाकटीनेच दार उघडलं. हातात पिशवी. म्हटलं, कुठे निघालीस? म्हणाली, अगं ताई, तुझ्याकडेच! कायमची. तुझ्या एवढ्या मोठ्या खोलीत माझी एक खाट मावेल म्हटलं.
म्हटलं, आणि तुझी खोली?
म्हणाली, ती नातवाच्या लग्नात गेली. वर्ष झालं. तुला नाही बोलले, तू हळवी.
मग मला माझंही सांगावं लागलं. हसली मेली, भिंतीला धरून हसली. आतून तिची सून ओरडली, जाताय की येताय? दार लावा, एसी चालू आहे.

२२ मार्च, सकाळी
रात्र तिच्या सोफ्यावर काढली. दोघी उलटसुलट, तिच्या टाचा माझ्या तोंडाशी. तात्पुरतंच आहे. घरी आतापर्यंत हलकल्लोळ माजला असेल.

दुपारी
आला! मुलाचा फोन. मुद्दाम जरा वाजू दिला. म्हणाला, आई, दिवाण विकला, नेणारा दारात उभा आहे. तुझं अंथरूण कुठे ठेवू?
म्हटलं, माझ्या खोलीत.
म्हणाला, तिथे कुठे जागा आहे, आई? बरं, मीटिंग आहे.
धाकटीने विचारलं, काय म्हणाला गं?
म्हटलं, रडत होता.
म्हणाली, मग जा की. आणि सोफ्यावर पाय लांब केले.