चिंचवस्ती फाट्यावरच्या निरंक गाड्या

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
वाहन मोजणी कक्ष, छत्रपती संभाजीनगर

विषय : चिंचवस्ती फाट्यावर फेरमोजणी करून गतिरोधक बसवणेबाबत.
संदर्भ : ‘वाहने निरंक, सबब गतिरोधकाची गरज नाही’ हे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार कडूबा सखाराम वाघमोडे, मेंढपाळ, रा. चिंचवस्ती, ता. गंगापूर, सविनय कळवतो की,

१. वैजापूर रस्त्यावर गाड्या मोजायचे यंत्र कोणत्या फाट्यावर लावायचे, हे ठरवायला आपल्याकडून अजिनाथ आला होता. तो अर्जदाराचा सख्खा पुतण्या. बापामागे तो अर्जदाराच्याच घरी, अर्जदाराची पत्नी वच्छलाबाई हिच्या हातची भाकरी खाऊन शिकला. “नाना, आपल्याच फाट्यावर लावतो, गतिरोधक झालाच समजा,” असे तो म्हणाला. वस्तीला आभाळ ठेंगणे झाले.

२. दसऱ्याला आमच्यात लोखंड पुजतात. यंत्र नवे, म्हणून वच्छलाबाईने त्याला कुंकू लावून झेंडूची माळ घातली. माळ नेमकी यंत्राच्या डोळ्यावर आली. तिला बिचारीला काय ठाऊक? पण नारळ अजिनाथने फोडला. त्याला तर कळत होते ना, साहेब?

३. यंत्राला कोणी हात लावायचा नाही, हा त्याचाच हुकूम. माळ तिथेच वाळली, यंत्राला एकही गाडी दिसली नाही. स्वतःचा हलगर्जीपणा झाकायला त्याने अहवालात ‘निरंक’ लिहून सही ठोकली. त्याच आकड्यावरून आजूबाजूच्या रस्त्यांचाही हिशेब लावतात म्हणे, म्हणजे तेही ओस पडले. वैजापूरहून सुटलेल्या गाड्या गंगापूरला पोचतात. मधे चिंचवस्तीवरून त्या उडत जातात काय?

४. असल्याच एका निरंक गाडीने गेल्या महिन्यात वच्छलाबाईला ठोकरले. पाय मोडला. अजिनाथ दवाखान्यात फिरकला नाही. फोन मात्र केला, “नाना, लई बोभाटा नका करू, माझी नोकरी जाईल.” काकू कशी आहे, एवढेही विचारले नाही. परक्याने असा केसाने गळा कापला असता तर अर्जदाराने सोसले असते. घरच्याने कापला, हे सोसवत नाही.

५. येत्या सोमवारी तिला दवाखान्यातून सोडणार आहेत. जीप रस्त्याच्या अलीकडे उतरवते आणि घर पलीकडे आहे. कुबड्यांवर तिला पळता येणार नाही. तरी तोवर गतिरोधक बसवावा, ही विनंती. ते होत नसेल, तर साहेबांनी स्वतः यावे, तिचा हात धरावा आणि या रस्त्याला गाड्या नाहीत असे सांगत तिला पलीकडे न्यावे.

आता आपल्याच भरवशावर असलेला,
कडूबा सखाराम वाघमोडे
दि. ८ डिसेंबर २०२५